ग्रीन डे, ब्लिंक, ऑफस्प्रिंग : ग्रेटेस्ट हिट्स घ्यावेत की मूळ अल्बम?

रीळ_नंबर_दोन
मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे हे अमेरिकन पॉप-पंक बँडवाले मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सवात वाजवून गेले. तेव्हापासून 'यांचं आधी काय ऐकू?' हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, म्हणून हा वेगळा धागा.

ग्रेटेस्ट हिट्स ऐकणारा तो कच्चा श्रोता, असं ठासून सांगणारे बरेच आहेत. पॉप-पंकच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही. तीन मिनिटं, तीन-चार कॉर्ड आणि दुसऱ्यांदा येईपर्यंत पाठ झालेलं ध्रुवपद. हा बाजच सुट्या गाण्यांवर उभा आहे. मग सुट्या गाण्यांचा संग्रह दुय्यम कसा?

प्रश्न दोन आहेत. एकसलग ऐकताना स्वतंत्र अल्बमसारखा उभा राहणारा संग्रह कोणता? आणि सीडी, रेकॉर्ड किंवा फाइल विकत घेण्याआधी त्यात नेमकं काय तपासायचं? 'मला आवडतो' एवढंच लिहू नका, का ते लिहा.

डावा_स्पीकर
ग्रीन डेपासूनच सुरू करू, कारण त्यांचे दोन संग्रह आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा.

'इंटरनॅशनल सुपरहिट्स!' नोव्हेंबर २००१ चा, २१ गाणी. पहिली दोन नवी, 'मारिया' आणि 'पॉपरॉक्स अँड कोक'. त्यानंतर 'लाँगव्ह्यू'पासून 'मेसीज डे परेड'पर्यंत 'डूकी' (१९९४), 'इन्सॉम्नियॅक' (१९९५), 'निमरॉड' (१९९७) आणि 'वॉर्निंग' (२०००) हे चार अल्बम ओळीने. सहा वर्षांत गिटारचा आवाज कसा सैल होत गेला आणि 'वॉर्निंग'पर्यंत अकूस्टिक कशी पुढे आली, हे तासाभरात कळतं.

दुसरा 'गॉड्स फेव्हरिट बँड', नोव्हेंबर २०१७ चा, २२ गाणी. सुरुवात '२००० लाइट इयर्स अवे'ने, म्हणजे 'डूकी'च्याही आधीपासून. शेवटी मिरांडा लँबर्टबरोबरचं 'ऑर्डिनरी वर्ल्ड' आणि तेव्हा नवं असलेलं 'बॅक इन द यूएसए'. यात 'अमेरिकन इडियट' (२००४) आणि पुढचं सगळं येतं. पण जागा तेवढीच असल्यामुळे 'इन्सॉम्नियॅक'च्या वाट्याला एकच गाणं उरलं, 'ब्रेन स्ट्यू'. 'गीक स्टिंक ब्रेथ' गेलं, 'वॉकिंग कॉन्ट्रडिक्शन' गेलं, 'जेडेड'सुद्धा गेलं.

मला सगळ्यात खटकतं ते 'जेडेड'चं जाणं. 'ब्रेन स्ट्यू'चे ते पाच पॉवर कॉर्ड पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतात आणि तीन मिनिटं जागचे हलत नाहीत. मूळ अल्बमवर ते संपतं न संपतं तोच 'जेडेड' अंगावर येतं आणि दीड मिनिटात सगळं उधळून टाकतं. झोप न येणं आणि मग फुटणं, असं ते जोडगाणं आहे. २००१ च्या संग्रहात दोन्ही लागोपाठ आहेत, १० आणि ११ क्रमांकावर. त्यामुळे माझं मत २००१ ला.

निळी_शाई
+१. शिवाय 'जे.ए.आर.' फक्त २००१ वाल्यात आहे. १९९५ च्या 'अँगस' चित्रपटासाठी बँडचा बेसवादक माइक डर्न्टने लिहिलेलं, चारांपैकी एकाही अल्बमवर नसलेलं गाणं. संग्रहाचं खरं काम हेच: घरातल्या सीड्यांत जे नाही ते देणं.

अडगळीची_खोली
कुठलं गाणं आत आणि कुठलं बाहेर, यात आवडीनिवडीपेक्षा कागदपत्रांचा हात मोठा असतो. २००१ मध्ये '२००० लाइट इयर्स अवे' ज्यावर आहे तो 'करप्लंक' लुकआउट या छोट्या कंपनीकडे होता आणि 'डूकी'पासूनचे अल्बम रिप्राइजकडे. रॉयल्टी थकल्यावर २००५ मध्ये बँडने जुने हक्क काढून घेतले, पुढे ते अल्बम रिप्राइजकडूनच पुन्हा निघाले. २०१७ च्या संग्रहाची सुरुवात त्या गाण्याने होऊ शकली ती त्यानंतरच.

याहून मजेशीर गुंता रेड हॉट चिली पेपर्सचा. पहिले चार अल्बम ईएमआयचे, नंतरचे वॉर्नरचे. १९९१ चा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक' वॉर्नरकडे तुफान चालला, तशी ईएमआयने १९९२ मध्ये जुन्या गाण्यांचा संग्रह काढला. नाव 'व्हॉट हिट्स!?', म्हणजे 'कसले हिट्स!?'. आत 'अंडर द ब्रिज' हवंच होतं, ते वॉर्नरकडून घेतलं. २००३ मध्ये वॉर्नरने 'ग्रेटेस्ट हिट्स' काढला तेव्हा त्यात 'हायर ग्राउंड' आलं, ते ईएमआयच्या काळातलं. म्हणून संग्रह हातात घेतला की मागच्या बाजूची बारीक अक्षरं आधी वाचा. कुठल्या वर्षांचे हक्क कुणाचे ते कळलं की 'माझं गाणं का नाही?' याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ताशा_तर्री
ब्लिंक-१८२ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' (नोव्हेंबर २००५) ढोलाच्या कानाने ऐका. सीडीवर १७ गाणी आहेत, काळानुसार लावलेली. पहिली चार, 'कॅरोसेल', 'एम+एम्स', 'डॅमिट' आणि 'जोसी', यांत ढोलावर स्कॉट रेनर. पाचव्या 'व्हॉट्स माय एज अगेन?'पासून ट्रॅव्हिस बार्कर.

चौथं संपून पाचवं सुरू होतं त्या सांध्यावर थांबा आणि दोन्ही परत लावा. रेनरचा जोर सरळ धावण्यात आहे: स्नेअर (कडक आवाजाचा ढोल) ठरल्या जागी, सिंबल मोकळे, गाणं ढकलत न्यायचं. बार्कर त्याच वेगात हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) उघडझाक करतो, टॉमवरून (घुमणाऱ्या ढोलांवरून) फिरून येतो, कडव्यात जागा सोडतो आणि ध्रुवपदाला ती भरतो. पुढे 'फीलिंग धिस' आणि 'आय मिस यू'पर्यंत ढोल हेच जवळजवळ मुख्य वाद्य होतं. दोन वेगवेगळे अल्बम दोन वेगळ्या दिवशी ऐकले तर हा फरक इतका टोचत नाही. शेजारी ठेवल्यावर टोचतो.

आणि हा संग्रह एकसंध वाटतो त्याचं श्रेय निर्माता जेरी फिनला. 'एनिमा ऑफ द स्टेट' (१९९९), 'टेक ऑफ युअर पँट्स अँड जॅकेट' (२००१) आणि २००३ चा बँडच्याच नावाचा अल्बम, तिन्ही त्याचे. सम ४१ चा 'ऑल किलर नो फिलर'सुद्धा.

पाणपोई
मी विरुद्ध बाजूने. सुट्या गाण्यांचा बाज आहे हे मान्य, पण 'अमेरिकन इडियट' त्यात कसा बसवणार? एका मुलाची गोष्ट सांगणारा अल्बम तो. 'जीझस ऑफ सबर्बिया' नऊ मिनिटांचं, पाच भागांचं. २०१७ च्या संग्रहात ते नाहीच, आणि कसं असणार? तेवढ्या वेळात तीन हिट्स बसतात. मूळ अल्बमवर 'हॉलिडे'च्या शेवटच्या गजरातून 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स'ची ती थरथरणारी गिटार उगवते, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मिरवणूक संपल्यावर रस्त्यावर एकटं उरल्यासारखं ते आहे. मिरवणूकच काढून टाकली तर एकटेपण कशाचं?

माय केमिकल रोमान्सचंही तेच. 'मे डेथ नेव्हर स्टॉप यू' (२०१४) बँड फुटल्यानंतर आला, त्यातलं 'फेक युअर डेथ' सुंदर आहे, पण 'द ब्लॅक परेड' (२००६) तुकड्यांनी ऐकायचा अल्बम नव्हे.

रीळ_नंबर_दोन
@पाणपोई, 'अमेरिकन इडियट'बद्दल पूर्ण सहमत. तो मूळच घ्यावा. माझं म्हणणं १९९४ ते २००३ या दशकापुरतं धरा.

मधली_सुट्टी
नव्या गाण्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! ज्याच्याकडे सगळे अल्बम आहेत त्यालाही संग्रह घ्यायला लावायचा तर एक-दोन नवी गाणी घालायची, हा जुना शिरस्ता. फू फायटर्सच्या २००९ च्या संग्रहात 'व्हील्स' आणि 'वर्ड फॉरवर्ड'. चिली पेपर्सच्या २००३ मध्ये 'फॉर्च्युन फेडेड' आणि 'सेव्ह द पॉप्युलेशन'. ऑफस्प्रिंगच्या २००५ मध्ये 'कान्ट रिपीट'. फॉल आउट बॉयच्या 'बिलीव्हर्स नेव्हर डाय'मध्ये 'अल्फा डॉग' आणि 'फ्रॉम नाउ ऑन वी आर एनिमीज'.

यात कस लागतो तो असा: नवं गाणं हिट्सच्या शेजारी उभं राहतं का? बॉन जोव्हीच्या 'क्रॉस रोड'मधलं (१९९४) 'ऑल्वेज' तर संग्रहासाठीच आलं आणि त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांत जाऊन बसलं. निर्वाणाच्या २००२ च्या संग्रहात 'यू नो यू आर राइट' पहिल्यांदा अधिकृतपणे ऐकायला मिळालं, ध्वनिमुद्रण जानेवारी १९९४ चं. त्या एका गाण्यासाठी तो संग्रह घेणं योग्यच होतं.

ब्लिंकची दोन 'जादा' गाणी मात्र नीट समजून घ्या. 'नॉट नाउ' २००३ च्या वेळचं, आणि 'अनदर गर्ल, अनदर प्लॅनेट' हे दि ओन्ली वन्स या इंग्लिश बँडचं गाणं, ब्लिंकने म्हटलेलं. संग्रह आला तेव्हा बँड थांबला होता, त्यामुळे नव्याने लिहिलेलं काही नाही. पण 'मॅन ओव्हरबोर्ड' सोडू नका. ते आधी फक्त २००० च्या लाइव्ह अल्बमवर होतं, लाइव्ह गाण्यांच्या शेपटीला एकटं स्टुडिओतलं.

निळी_शाई
'ऑल्वेज' वरून आठवलं. बॉन जोव्हीच्या संग्रहात 'ऑल्वेज', ब्लिंकच्या संग्रहात 'ऑल्वेज', आणि सम ४१ च्या २००८ च्या '८ इयर्स ऑफ ब्लड, साके अँड टिअर्स'मध्ये नवं गाणं कुठलं? 'ऑल्वेज'. तिन्ही वेगळी गाणी. तिघांची नुसती 'ऑल्वेज' लावली तरी जेवण होईपर्यंत पुरतात :)

खटका
आता आवाजाचं. घरी स्वतःचा संग्रह करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे गाणं बदललं की हात आवाजाच्या बटणाकडे जातो. कारण सोपं आहे. १९९० च्या सुरुवातीच्या सीडींपेक्षा दशकाच्या शेवटच्या सीडी बऱ्याच जास्त दाबून, मोठ्या आवाजात मास्टर केलेल्या (म्हणजे छापण्याआधी आवाजाची शेवटची जुळणी केलेल्या) असतात. 'कॅलिफोर्निकेशन' (१९९९) तर त्यासाठी बदनाम आहे. लाटांची टोकं छाटली गेल्यामुळे मोठ्या स्पीकरवर करकर ऐकू येते. कंपनीच्या संग्रहात मास्टरिंग करणारा सगळी गाणी एका पातळीवर आणतो. घरी ते काम आपण करायचं.

फूबार २००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये असं: सगळी गाणी निवडा, उजवी क्लिक, रीप्लेगेन (गाण्यांची पातळी जुळवणारी सोय), त्यात 'पर-फाइल ट्रॅक गेन' स्कॅन करा. मग प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकला जाऊन सोर्स मोड 'ट्रॅक' ठेवा आणि प्रोसेसिंगला 'गेन लावा व क्लिपिंग टाळा' हा पर्याय. चूक इथे होते: बरेच जण 'अल्बम' मोड ठेवतात. एका बँडचा एक अल्बम ऐकताना तोच बरोबर, कारण त्यात हळू गाणं हळूच राहतं. सात अल्बममधून उचललेल्या गाण्यांना ट्रॅक मोडच हवा.

रीप्लेगेन मूळ ध्वनीला हात लावत नाही, फाइलच्या टॅगमध्ये फक्त आकडा लिहितो. दाबून केलेल्या सीडीला उणे ९-१० डेसिबलपर्यंत आकडा येतो, घाबरू नका. अँप्लिफायरचा खटका थोडा पुढे न्यायचा. आवाज कमी होतो, पण छाटलेली टोकं यातून परत येत नाहीत. ती गेली ती गेली.

ताशा_तर्री
@खटका, ट्रॅक मोडमध्ये 'ब्रेन स्ट्यू' आणि 'जेडेड' वेगवेगळ्या पातळीला गेले तर? जोडगाण्याची वाट लागेल ना.

खटका
अगदी बरोबर पकडलंत, हे लिहायला हवं होतं. ती दोन गाणी निवडून 'एक अल्बम म्हणून' वेगळी स्कॅन करा आणि दोघांनाही अल्बम गेनचाच आकडा ट्रॅक गेन म्हणून द्या. किंवा सरळ एकच फाइल करा.

दुसरा धोका मधल्या फटीचा. एमपीथ्रीत एका फ्रेममध्ये ११५२ नमुने असतात आणि गाणं बरोबर तेवढ्याच्या पटीत संपत नाही, म्हणून एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम) पुढे-मागे शांतता भरतो. लेम एन्कोडर किती भरली ते हेडरमध्ये लिहून ठेवतो. प्लेअर ते वाचणारा असेल तर फट येत नाही, नसेल तर 'टक्' होतं. फ्लॅकमध्ये (मूळ आवाज जसाच्या तसा ठेवणारा फाइल-प्रकार) ही भानगडच नाही.

सीडी जाळणार असाल तर 'डिस्क-अ‍ॅट-वन्स' निवडा. 'ट्रॅक-अ‍ॅट-वन्स'मध्ये दोन गाण्यांत दोन सेकंदांची पोकळी येते, आणि तिथे जोडगाणं संपलंच. डिस्क ८० मिनिटांची असली तरी ७८ च्या आत थांबा. अगदी काठापर्यंत भरलेल्या डिस्कची शेवटची गाणी जुन्या प्लेअरवर अडकतात.

'डूकी'वरून गाणी घेणाऱ्यांनी 'एफ.ओ.डी.' तपासून घ्या. त्याच ट्रॅकमध्ये शांततेनंतर ढोलवादक ट्रे कूलचं 'ऑल बाय मायसेल्फ' लपलेलं आहे. नुसतं 'एफ.ओ.डी.' हवं तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये शांततेच्या सुरुवातीला कापा, शेवटच्या अर्ध्या सेकंदाला फेड आउट द्या, नाहीतर कापल्याचं कळतं.

पाचगणी_घाट
थोडं अवांतर. रेकॉर्डवर संग्रह घेणाऱ्यांनी मिनिटं मोजावीत. ३३⅓ च्या एलपीच्या एका बाजूला २०-२२ मिनिटं सुखाने बसतात. क्वीनचा १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' घ्या, ब्रिटनमधला सर्वाधिक खपलेला अल्बम, २०२२ मध्ये तिथे सत्तर लाखांवर गेला. १७ गाणी, सुमारे ५८ मिनिटं, एकच एलपी. म्हणजे एका बाजूला २९ मिनिटं. खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी पातळी कमी करावी लागते आणि मग सुईची खरखर वर येते.

दुसरं असं की बाहेरच्या काठावर खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदासाठी आत निम्म्याहून कमी जागा. म्हणून आतल्या गाण्यांचे 'स' आणि सिंबल फाटतात. क्वीनच्या दुसऱ्या बाजूचा शेवट 'वी आर द चँपियन्स'चा, म्हणजे सगळ्यात भरगच्च आवाज नेमका सगळ्यात अवघड जागी. हेच दोन एलपींवर घेतलं तर फरक कुणालाही ऐकू येईल.

क्वीन पॉप-पंक नाही हे ठाऊक आहे, पण फरोख बलसारा, म्हणजे क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकले, तिथल्या 'द हेक्टिक्स'मध्ये पियानो वाजवत होते, तेव्हा इतकं अवांतर चालवून घ्या.

पाणपोई
@पाचगणी_घाट, अवांतर कसलं, मुद्द्याचंच. म्हणून तर २० गाण्यांचा संग्रह एका एलपीवर बघितला की तो खाली ठेवावा.

अडगळीची_खोली
एक सावधगिरी राहिली. 'बेस्ट ऑफ' लिहिलेल्या काही संग्रहांत मूळ ध्वनिमुद्रण नसतं, नंतर पुन्हा गायलेलं असतं. मास्टरचे (मूळ ध्वनिमुद्रणाचे) हक्क कंपनीकडे असले की बँड करारातली मुदत संपल्यावर तीच गाणी नव्याने मुद्रित करतो. बोलिंग फॉर सूपने २०१५ मध्ये 'साँग्ज पीपल अ‍ॅक्च्युअली लाइक्ड'मध्ये हे उघडपणे केलं आणि ते रास्तच आहे, पैसे बँडला मिळतात. अडचण असते ती मुखपृष्ठावर न सांगणाऱ्यांची. पी-वर्तुळाशेजारचं (℗, ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं चिन्ह) वर्ष बघा. १९९० च्या दशकातल्या गाण्यापुढे फक्त २०१० नंतरचं वर्ष दिसलं तर 'री-रेकॉर्डेड' शब्द शोधा आणि गाण्याची लांबी मूळ गाण्याशी ताडून पाहा. चार-पाच सेकंदांचा फरक असेल तर कान टवकारा.

उलटी_बाजू
धाग्याच्या पहिल्या प्रश्नाला अजून सरळ उत्तर आलं नाही, म्हणून लिहितो. 'संग्रह असून अल्बमसारखा उभा' असं एकच नाव घ्यायचं तर बझकॉक्सचा 'सिंगल्स गोइंग स्टेडी', १९७९, मूळ अमेरिकेत निघालेला. मँचेस्टरच्या या बँडच्या आठ सिंगल्स, म्हणजे एका बाजूला मुख्य गाणं (ए-साइड) आणि मागे दुसरं (बी-साइड) अशा छोट्या रेकॉर्डी. पहिल्या बाजूला आठही ए-साइड ओळीने, दुसऱ्या बाजूला त्याच क्रमाने आठ बी-साइड.

या रचनेतली गंमत बघा. पहिल्या बाजूचं पाचवं 'एव्हर फॉलन इन लव्ह', दुसऱ्या बाजूचं पाचवं 'जस्ट लस्ट'. एकाच सिंगलच्या दोन बाजू, आणि एलपीवरही एकमेकींच्या पाठीला पाठ. पहिली बाजू घाईघाईने प्रेमात पडते, दुसरी हळूहळू विचित्र होत जाते. 'व्हाय कान्ट आय टच इट?' सहा मिनिटांवर जातं, एकाच बेसच्या चालीवर. 'समथिंग्ज गॉन राँग अगेन'मध्ये पियानोचा एकच स्वर ठोकत राहतो. पीट शेलीचा गळा रडवेला नाही, रागावलेलाही नाही, दोन्हींच्या मधला. पुढे पंधरा वर्षांनी कॅलिफोर्नियात जे घडलं त्याचा साचा इथे तयार आहे: वेग पंकचा, दुखणं प्रेमाचं, चाल गुणगुणण्याजोगी.

यात नवं गाणं नाही, आमिष नाही, क्रम फक्त तारखांचा. तरी एकही गाणं हलवता येत नाही.

रीळ_नंबर_दोन
@उलटी_बाजू, याचीच वाट बघत होतो. मग नव्याने येणाऱ्यांसाठी माझा क्रम असा: 'सिंगल्स गोइंग स्टेडी', मग 'इंटरनॅशनल सुपरहिट्स!', मग ब्लिंकचा २००५ वाला. 'अमेरिकन इडियट' @पाणपोई म्हणतात तसा मूळच. ऑफस्प्रिंगच्या २००५ च्या संग्रहाबद्दल मन अजून ठरत नाही. 'स्मॅश'मधली (१९९४) 'कम आउट अँड प्ले', 'सेल्फ एस्टीम' आणि 'गॉटा गेट अवे' आहेत, पण 'बॅड हॅबिट' नाही.

मधली_सुट्टी
'बॅड हॅबिट' सिंगल नव्हतं म्हणून नाही. त्यासाठी 'स्मॅश' घ्याच, एपिटाफसारख्या छोट्या कंपनीकडून निघून एक कोटीवर खपलेला अल्बम आहे तो. पण संग्रहात 'डिफाय यू' आहे, 'ऑरेंज काउंटी' चित्रपटातलं, ते 'स्मॅश'वर मिळणार नाही. आणि शेवटचं गाणं संपलं की लगेच सीडी काढू नका. पुढे 'द पोलीस' या बँडचं 'नेक्स्ट टू यू' लपवलेलं आहे.